मोठ्या मॅडमची गाडी

जुनी गाडी पाहायला जायचं असलं की मोठ्या मॅडम कोशाची रेशमी साडी नेसत. एरवी ऑफिसात त्यांच्या अंगावर इस्त्री न लागणाऱ्या, फुलाफुलांच्या साड्या. पण कुणी म्हटलं, 'मॅडम, रविवारी एक गाडी पाहाले याल का?' की रविवारी त्या मधाच्या रंगाचा कोसा नेसून, केसांत अबोली माळून फाटकाशी उभ्या. हातात फक्त रुमाल. पर्स घेत नसत. 'पाहाले जातानी पैसा दिसू द्यायचा नसते,' असं त्यांचं म्हणणं.

त्यांना गाडी चालवता येत नव्हती, हे आधीच सांगून टाकते. क्लच कोणत्या पायाखाली असतो हे त्यांना माहीत नव्हतं. बोनट उघडलं की आत चावरं कुत्रं बांधलेलं असावं तशा त्या मागे सरत. तरी भंडाऱ्यात आमच्या ओळखीतला कुणीही माणूस त्यांना दाखवल्याशिवाय जुनी गाडी घेत नसे. मी हे कितीतरी वर्षं अगदी जवळून पाहिलं, आणि तितकी वर्षं माझा त्यावर जळफळाट झाला.

त्यांची पद्धत अशी. विकणाऱ्याच्या दारात गाडी उभी असायची, धुऊनपुसून, टायरांना काळं पॉलिश लावून. मोठ्या मॅडम तिच्याकडे ढुंकूनही पाहत नसत. 'धुतलेली गाडी अन् पावडर लावलेली पोरगी, पाहून न पाहिल्यासारखीच,' म्हणत. त्या सरळ घरात जात. 'ताई, पाणी देता का जी?' असं म्हणून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचत. माठावर झाकण आहे का, शेगडीखाली काय सांडलं आहे, पंख्याच्या पात्यांवर धूळ किती, हे पाहून घेत. मग घरातल्या बाईशी गप्पा. गाडीतून कुणाच्या लग्नाला गेलात, देवाला कुठं गेलात, वाटेत कधी अडकलात का. बाहेर नवरा एव्हरेज सांगत असायचा आणि आत बायको सांगून मोकळी व्हायची की मागच्या उन्हाळ्यात निम्म्या वाटेवर इंजिनात पाणी ओतावं लागलं, पोरं रडकुंडीला आली. आलूपोहे आले की मोठ्या मॅडम ते शांतपणे खात. ताटली खाली ठेवली की तोंड पुसून एकच प्रश्न विचारत.

'पहिल्यानं काहून सोडली?'

पहिल्या मालकानं ती का सोडली. विकणारा स्वतःच पहिला मालक असला तरी प्रश्न हाच. 'जुनी गाडी म्हणजे बिजवराचं स्थळ,' त्या मला एकदा एसटीत समजावून सांगत होत्या. 'बिजवर वाईट नसते. पण पहिलं कायले मोडलं ते विचारल्याशिवाय पुढं जायचं नाही. अन् उत्तर कोण देते ते पाहायचं. नवऱ्यानं दिलं तर अर्धं धरायचं.'

मी म्हटलं, 'मॅडम, इंजिनाचं कॉम्प्रेशन नावाची एक गोष्ट असते.'

'असते न,' त्या म्हणाल्या. 'ते मिस्त्री पाहीन.'

लाखांदूरच्या एका सरकारी ऑफिसात आम्ही दोघीच बाया. दोघी भंडाऱ्याहून अपडाऊन करायचो, पवनीमार्गे, एसटीनं. मी रुजू झाले तेव्हा त्या आधीपासून होत्या, म्हणून त्या मोठ्या मॅडम आणि मी लहान मॅडम. वयात फरक थोडासाच, आणि उंचीला मीच त्यांच्यापेक्षा वीतभर जास्त. पण एकदा पडलेलं नाव कुठं सुटतं? माझे केस पिकायला लागले, मुलगी कॉलेजात गेली, तरी मी लहान मॅडमच. चहाचा पहिला कप त्यांच्या टेबलावर जाई. नवीन आलेला साहेबसुद्धा आठवड्याभरात कोणाला आधी नमस्कार करायचा ते शिकून घेई.

घरात मी व्यवहारी म्हणून ओळखली जाते. मुलांच्या शाळांचे प्रवेश, सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन, घराचं प्लास्टर, हे सगळं मी पाहिलं. कुठल्याही वस्तूची चौकशी केल्याशिवाय मी ती घेत नाही. अशा बाईला रोज एका अशा बाईशेजारी बसून प्रवास करावा लागे, जिला काही माहीत नव्हतं आणि जिचं सगळे ऐकत.

एसटीत त्यांची जागा ठरलेली, ड्रायव्हरच्या मागची. खिडकीबाहेर त्या कधी पाहत नसत. धानाची बांधी हिरवी झाली काय आणि पिवळी झाली काय, त्यांना पत्ता नसे. त्या ड्रायव्हरच्या खांद्यांकडे पाहत. 'हा आज घरी भांडून आला,' असं माझ्या कानात सांगत. पवनीला गाडी थांबली की टपरीवर चहा पिता पिता त्याला बोलतं करत, आणि बहुतेक वेळा ते खरं निघे. मग माझ्याकडे पाहून भुवई वर करत. ती भुवई मला अजून आठवते.

त्यांचं लग्न झालं होतं आणि वर्षाच्या आत त्या माहेरी परत आल्या होत्या, असं ऑफिसात बोललं जाई. का, ते त्यांना कोणी विचारलं नाही. मीही नाही. पुढे आईजवळ राहिल्या, आई गेल्यावर एकट्या. पण नात्यात पोरीला स्थळ पाहायचं असलं की सगळे त्यांनाच घेऊन जात. गाड्या पाहणं त्यातूनच निघालं.

सुरुवात बडेबाबूंपासून झाली. बडेबाबू म्हणजे आमचे हेडक्लार्क. त्यांना डिक्कीवाली मोठी गाडी हवी होती, घरातली सगळी माणसं मावतील अशी. नदीकाठच्या एका गावात ती विकायला निघाली होती. पाहायला जाणाऱ्या जीपमध्ये एक जागा उरली म्हणून मोठ्या मॅडमना घेतलं. सोबत मिस्त्री होता. त्यानं इंजिन ऐकलं, खाली वाकून पाहिलं, पास केलं. बडेबाबू व्यवहार पक्का करणार, तोच मोठ्या मॅडम घरातून पोहे खाऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, 'डिक्कीतली चटई उचला बरं.'

चटईखाली स्टेपनीच्या खड्ड्यात धानाची रोपं उगवली होती. बोटभर लांब, उन्हाअभावी पिवळी.

'डिक्कीतून धान सगळेच आणतेत,' मोठ्या मॅडम म्हणाल्या. 'सांडते बी. पण उगवाले पाणी लागते न जी. ह्या खड्ड्यात पाणी कुठून आलं?'

घरातली बाई आत बोलून गेली होती की वैनगंगेला पूर आला तेव्हा अंगणात कमरेएवढं पाणी होतं. गाडी त्या वेळी अंगणातच होती, हे तिच्या नवऱ्यानं बाहेर सांगितलं नव्हतं.

मी त्या दिवशी तिथं नव्हते, पण मला ही गोष्ट इतक्या जणांनी सांगितली की नसल्याचं विसरायला झालं. गोष्ट पवनीपर्यंत पोचेस्तोवर रोपांना लोंब्या आल्या होत्या. त्यानंतर मोठ्या मॅडमचे रविवार मोकळे राहिले नाहीत.

त्या चुकत नव्हत्या असं नाही. आमच्या शेजाऱ्यांना त्यांनी एक गाडी पास करून दिली, कारण विकणाऱ्याच्या घरी तुळशीपुढं रांगोळी होती, पंखे चकचकीत होते आणि माठाला विणलेलं झाकण होतं. ती गाडी घरी आणताना वैनगंगेच्या पुलावर जी बंद पडली, ती ढकलतच भंडाऱ्यात आली. मला फार बरं वाटलं. ऑफिसात मी हा किस्सा रंगवून सांगितला, आणि मोठ्या मॅडम जेवायच्या सुट्टीत आल्यावर पुन्हा सांगितला. त्या लोणच्याची फोड चोखत होत्या. त्या म्हणाल्या, 'घर पासच होतं. पण गाडी त्यांच्या भावाची होती, ते त्यांनी लपवलं. भावाचं घर पाहाले पायजे होतं.'

आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. 'खरं आहे, भावाचं घर पाहायला पाहिजे होतं.' बडेबाबू तर म्हणाले की इतकं कोणाला सुचतं? तेव्हापासून मी नाद सोडला.

सगळ्यात जास्त मला टोचायचं ते माझ्या नवऱ्याचं. आमचं घराणं मूळ मोहाडीकडचं, हातमागावरचं. आता भंडाऱ्यात साड्यांचं दुकान आहे. मोठ्या मॅडम कोसा तिथूनच घ्यायच्या. साडी हातात दिली की त्या आधी उलटी करून पाहत. पदराची मागची बाजू, दोऱ्यांची टोकं. समोरून नंतर. नवरा खूष. 'पाहणं म्हणजे काय ते त्यांना कळते,' असं घरी येऊन सांगायचा. त्यांच्यासाठी दुकानात चहा मागवायचा. मी दुकानात गेले तर मला चहा कधी मागवला नाही. मी घरचीच.

माझ्या गाडीची गोष्ट आता येते.

अपडाऊन करून करून माझे गुडघे कुरकुरायला लागले होते. ड्रायव्हिंगचा क्लास लावून मी लायसन्सही काढलं होतं. ते पर्समध्ये राहून राहून वाकडं झालं होतं. मला गाडी हवी होती. खेळण्यासारखी लहान नको, घरातली सगळी माणसं बसतील अशी डिक्कीवाली, आणि ती सोमवार ते शुक्रवार मी चालवत लाखांदूरला नेणार. घरात तसं मी सांगितलं होतं. सगळे 'हो हो' म्हणाले होते.

गाडी मी जवाहरनगरात, दारूगोळ्याच्या सरकारी फॅक्टरीच्या वसाहतीत शोधली, आणि त्यात माझा डाव होता. फॅक्टरीच्या क्वार्टरमधली गाडी म्हणजे भंडाऱ्यात लोक हात जोडून घेतात. ड्युटीला ते लोक फॅक्टरीच्या बसनं जातात. गाडी कव्हर घालून झोपलेली असते, बाजाराला आणि सुट्टीत गावाला तेवढी उठते. रिटायर झाले की माणसं आपापल्या प्रांतात परत जातात आणि गाडी इथं विकून जातात. म्हणजे 'पहिल्यानं काहून सोडली' याचं उत्तर आधीच दिलेलं. मोठ्या मॅडमची गरजच नाही.

मोतिया रंगाची गाडी होती. मालक कानपूरकडचे, गावी परतायची बांधाबांध चाललेली. मी सुट्टी काढून एकटीच गेले. इंजिन गार असताना चालू करायला लावलं, सायलेन्सरचा धूर पाहिला. ऑइलची कांडी काढून रुमालावर पुसली. टायर कोणत्या साली बनले ते वाचलं. दारांच्या फटी चारी बाजूंनी सारख्या आहेत का, म्हणजे कधी ठोकली होती का, ते बोट फिरवून पाहिलं. डिक्कीतली चटईसुद्धा उचलली. खाली कोरडं, स्वच्छ. मग क्वार्टरच्या रस्त्यावरून मी ती चालवली. दोन्ही बाजूंनी झाडं, रस्ता रिकामा, आणि गिअर चांगल्या कपाटाचा खण सरकावा तसा सरकत होता. मला वस्तू आवडल्या तरी मी तोंडावर दाखवत नाही. त्या दिवशी दिसलं असावं, कारण मालकीणबाई म्हणाल्या, 'बहनजी, आप ही ले लीजिए.'

घरी येऊन सांगितलं. नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. 'छान,' तो म्हणाला. 'रविवारी मोठ्या मॅडमना घेऊन जाऊ.'

मी म्हटलं, गरज नाही. त्यानं मला विचारायच्या आधीच फोन करून टाकला होता.

रविवारी आम्ही सगळे गेलो. नवरा, सासूबाई, मुलगा, मुलगी, मी, आणि मधाच्या रंगाच्या कोशात मोठ्या मॅडम. त्या घरात पोह्यांऐवजी मठरी आली. ती त्यांनी खाल्ली, स्वयंपाकघर पाहून झालं, कानपूरच्या बाईशी मोडक्या हिंदीत बोलून झालं. मग अंगणात येऊन म्हणाल्या, 'बसा न सगळे गाडीत. जसे रोज बसान, तसेच बसा.'

आम्ही बसलो. नवरा चालवायच्या जागेवर, सासूबाई त्याच्या शेजारी, मुलगा आणि मुलगी मागे खिडक्यांशी. मोठ्या मॅडम हातात उरलेली मठरी घेऊन बाहेर उभ्या राहून पाहत होत्या. पाहिलं ते आम्हांला. गाडीकडे त्यांचं लक्षच नव्हतं. जरा वेळानं 'उतरा' म्हणाल्या.

'गाडी चांगली आहे,' त्यांनी माझ्या नवऱ्याला सांगितलं. 'पण हे स्थळ तुमाले नाही, भाऊ. नका घेऊ.'

'काहून?' मी विचारलं.

'सांगीन कधी.'

नवऱ्यानं एक शब्द उलटा विचारला नाही. माझी गार इंजिनाची परीक्षा, धूर, टायर, दारांच्या फटी, सगळं त्या एका वाक्याखाली गेलं. परतीच्या वाटेवर सासूबाई म्हणाल्या, त्या म्हणाल्या तर काहीतरी असेल. मी सोमवारी पुन्हा एसटीत बसले. मोठ्या मॅडमशी लाखांदूरपर्यंत बोलले नाही. त्यांनीही विचारलं नाही.

महिनाही झाला नसेल. ऑफिसच्या आवारात कडुनिंबाखाली मोतिया रंगाची गाडी येऊन उभी राहिली. क्लासचा माणूस चालवत होता आणि शेजारून मोठ्या मॅडम उतरल्या.

बडेबाबू खिडकीतून पाहत होते. ते हळूच म्हणाले, 'लहान मॅडम, तुमचं स्थळ तं मोठ्या मॅडमनंच केलं.'

पुढचे काही दिवस ऑफिसला दुसरा विषय नव्हता. मला वाटलं होतं, आता तरी लोक त्यांना नावं ठेवतील. थोडी ठेवली. मग म्हणायला लागले की इतक्या जणांच्या गाड्या पाहिल्या, एक स्वतःसाठी निवडली, तर गाडी किती चांगली असेल. त्या क्लास लावून गाडी शिकल्या आणि रोज स्वतः चालवत यायला लागल्या. एसटीत ड्रायव्हरच्या मागची जागा आता मला मिळे. बरं वाटायला हवं होतं. मी ड्रायव्हरच्या खांद्यांकडे पाहत बसे आणि मला काही कळत नसे.

त्या रोज सकाळी स्टँडजवळ गाडी हळू करून हॉर्न वाजवत. मी दुसरीकडे पाही. रोज वाजवत, रोज मी मान फिरवी. शेवटी ऑफिसात तपासणी होती त्याच दिवशी माझी एसटी चुकली. हॉर्न वाजला. मी जाऊन मागचं दार उघडलं आणि मागे बसले.

'मागं नाही जी,' त्या म्हणाल्या. 'पुढं या. मागं बसूनच तं सगळं झालं.'

पुढे जाऊन बसले. त्या इतक्या हळू चालवत होत्या की धानानं भरलेला ट्रॅक्टर आम्हांला मागे टाकून गेला. स्टिअरिंग दोन्ही हातांनी जात्याच्या खुंट्यासारखं धरलेलं. नजर रस्त्यावरून हलत नव्हती, तशाच बोलल्या.

'त्या दिवशी जवाहरनगरात तुम्ही कुठं बसल्या होत्या, आठवते?'

'मागे.'

'मधात. मांडीवर सासूची थैली. कोणी बसवलं होतं?'

कोणी बसवलं नव्हतं. मी आपणच जाऊन बसले होते. हे त्यांनी पाहिलंच होतं.

'तुम्ही थैली घेऊन राहिल्या होत्या, तवा भाऊनं पयले डिक्की उघडली. वीत लावून मोजली. साड्याचे गठ्ठे आरामात बसतीन म्हणे. मंग शीट मागं घेतली, आरसा आपल्या डोळ्यापुरता केला. मी म्हटलं, झालं. गाडी चालली दुकानात, लहान मॅडम राहिल्या एसटीत.'

'मग तेव्हाच सांगायचं होतं.'

'तुमच्या सासूसमोर?'

तेही खरं होतं. पण राग काही गेला नाही. अड्याळ मागे पडल्यावर मी विचारलं, 'ठीक आहे. पण मग तुम्ही स्वतः काहून घेतली?'

त्यांनी गाडी आणखी हळू केली. मला वाटलं, आता काहीतरी मोठं कारण सांगणार.

'आवडली म्हणून,' त्या म्हणाल्या. 'लय आवडली जी. घरी गेली तं झोपच नाही आली.'

'म्हणजे तुम्ही माझं स्थळ पळवलं.'

'हाव,' त्या म्हणाल्या, आणि बोलता बोलता क्लच दाबायचं विसरून गिअर बदलला. घरघर झाली. मला तो आवाज दातांत लागला.

त्यानंतर त्या रिटायर होईपर्यंत मी रोज त्यांच्या शेजारी बसून गेले. गुडघ्यांना आराम पडला, हे खरं. पण पर्समध्ये लायसन्स असताना दुसरीच्या हातात तो गिअर पाहणं काय असतं, ते मला विचारा. त्या क्लच अर्धवट दाबायच्या, माझा पाय खाली आपोआप पुढे व्हायचा. इतक्या वर्षांत एकदाही म्हणाल्या नाहीत, घ्या, आज तुम्ही चालवा. मीही मागितलं नाही. पवनीच्या टपरीवर थांबलो की चहावाला धावत येऊन त्यांच्या बाजूची काच पुसायचा.

मग त्यांचा निरोपसमारंभ झाला. शाल, श्रीफळ, साहेबांचं भाषण. भाषण संपायच्या आत बडेबाबूंनी विचारून घेतलं, 'मॅडम, आता गाडीचं काय?' बडेबाबूंच्या जावयाला हवी होती. आणखीही दोघंतिघं तयार होते. मोठ्या मॅडमनं स्वतः वापरलेली गाडी, मग पाहायचं काय राहिलं? मी घरी येऊन हे सांगायची चूक केली. नवरा ताटावरून म्हणाला, 'चांगलं झालं. आता तरी घेऊ. मी बोलतो रविवारी त्यांच्याशी. डिक्की मोठी आहे.'

मी शनिवारी सकाळी गेले. न सांगता. तो दुकान उघडायला निघाला आणि मी कपाटातून माझा कोसा काढला. मलाही एक आहे. अबोली मिळाली नाही.

मोठ्या मॅडम अंगणात झाडत होत्या. गाडी न धुतलेली, काचेवर धुळीत कुठल्यातरी पोरानं बोटानं फुली मारलेली. मी बोनटवर हात ठेवला. गार. त्या झाडू हातात धरून माझ्या साडीकडे पाहत राहिल्या.

'पाणी देता का?' मी म्हटलं.

त्यांनी दार उघडलं. मी स्वयंपाकघरापर्यंत गेले. माठावर झाकण होतं. पंखा स्वच्छ होता. ओट्यावर एक कप, एक ताटली, एक चमचा पालथा घातलेला. पाणी प्याले. पोहे त्यांनी केले, मी सांगितलं नव्हतं तरी. आम्ही दोघींनी ते एकमेकींसमोर बसून खाल्ले. मी ताटली खाली ठेवली, तोंड पुसलं.

'पहिलीनं काहून सोडली?' मी विचारलं.

त्यांनी बोटानं ताटलीतला शेवटचा दाणा उचलला.

'गाडीत काई खराबी नाही,' त्या म्हणाल्या. 'मले लाखांदूरशिवाय जाले दुसरी जागा नव्हती. लाखांदूर संपलं.'

नवऱ्यानं दिलेलं उत्तर अर्धं धरायचं, असा त्यांचाच नियम. इथं नवरा नव्हता. मी पूर्ण धरलं.

मग त्यांनी विचारलं, 'चाबी कुठं राहीन?'

'माझ्या पर्समध्ये.'

'भाऊले माहीत आहे?'

'संध्याकाळी कळेल.'

त्यांनी भुवई वर केली. तीच ती. उठून देवघरातून किल्ली आणून दिली.

गाडीत बसले तर गुडघे स्टिअरिंगला लागले. त्यांच्या उंचीसाठी सीट पार पुढे ओढलेली, आणि इतकी वर्षं तिथंच राहून ती गंजून बसली होती. मी खटका ओढला, हलवला, मागे रेटा दिला. ती सरकेना. मोठ्या मॅडम फाटकात उभ्या राहून पाहत होत्या. मी तशीच, गुडघे वर करून, गाडी गल्लीच्या बाहेर काढली. घरी आल्यावर तेल सोडलं, तेव्हा कुठं ती मागे सरली.

नवऱ्यानं संध्याकाळी आधी डिक्की उघडली. मग हात पुढे केला. मी किल्ली पर्समध्ये टाकली आणि पोळ्या लाटायला गेले. आता गठ्ठे न्यायचे असले की तो मागतो. मी देते. कधी कधी देत नाही.

पण लोकांच्या तोंडाला काय करणार? कागद माझ्या नावाचे, किल्ली माझी, चालवते मी, आणि त्यांच्यापेक्षा दुप्पट चांगली चालवते. तरी लाखांदूरला ऑफिसचं फाटक उघडताना शिपाई म्हणतो, 'मोठ्या मॅडमची गाडी आली.' पवनीचा चहावाला काच पुसायला येतो, आत मला पाहतो आणि विचारतो, 'मोठ्या मॅडम बऱ्या आहेत न?' मी म्हणते, आहेत. तो काच अर्धीच पुसून जातो.

मागच्या आठवड्यात करडी गावचा एक शेतकरी ऑफिसात आला. माझ्या टेबलाशी येऊन अदबीनं म्हणाला, 'मॅडम, एक गाडी पाहाची आहे. रविवारी याल का जी?'

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी मला विचारत होतं. मी जास्त आनंद दाखवला नाही. वेळ काढते म्हटलं. रविवारी सकाळी कोसा नेसले. या वेळी अबोलीही मिळाली. पर्स घरी ठेवली. तो फाटकाशी वाट पाहत होता. जाता जाता मी सहज विचारलं, माझं नाव कोणी सुचवलं.

'मोठ्या मॅडमकडं गेलतो,' तो म्हणाला. 'त्या म्हणे, आता मले होत नाही. लहान मॅडमले घेऊन जा. मी शिकवलं आहे त्याईले.'

साडी नेसून झालीच होती. म्हणून गेले.